रंगावर जाऊ नये

टेम्पोमागं दोरीनं बांधून आणली,
दोनच सीटची, लाल, जमिनीला टेकलेली.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तिला बघायला
टॉवेलच्या तीन कारखान्यांतली पोरं गेटवर आली.
मे महिना, दुपारचे दोन, त्रेचाळीस डिग्री.
काटा लाल पट्टीत जाऊन बसलेला.

श्रीशैल हत्तुरे उतरला, कपाळाला रुमाल.
"झाकण खोला की ओ मामा, पाणी ओतू."
मी डावी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत कातडी अजून चुरगळलेली,
अठ्ठ्याण्णव सालची, एका अँबॅसिडरची देणगी.
तो बसला.
दोन तास आम्ही इंजिन निवण्याची वाट बघितली,
त्याचे तीन चहा, माझा एक.

मग खालचा बूच सोडला, तर जे आलं
त्याला पातळ म्हणवेना.
मुळात गुलाबी होतं, कंपनीचं.
त्यावर यानं मोहोळजवळ पंपावर हिरवं ओतलेलं,
त्यावर होटगी रोडच्या बंगल्यातलं बोअरचं पाणी,
ज्यानं हंड्यालासुद्धा पांढरा पापुद्रा धरतो.
तिन्ही मिळून खळ झालेली,
सुताला लावतात तशी, फक्त मातकट.

"मग आता कुठला रंग टाकायचा?"

माझा बाप नरसय्या कुरापाटी,
साखर पेठेतल्या डाय हाउसमध्ये तीस वर्षं.
नखं निळी. सरणावरही निळीच.
मला पिंपात डोकवायला लावायचा:
आत सूत पिवळट, हिरवट.
काढून दांडीवर टाकलं, वारा लागला,
की डोळ्यांदेखत निळं.
"रंगावर जाऊ नये रा," म्हणायचा,
"पुडीमागचं वाच. आणि पाणी आधी चाख."
एकदा खाऱ्या पाण्यानं अख्खा माल डागाळला,
ते पैसे शेठनं त्याच्या पगारातून वळते केले.

म्हणून मी श्रीशैलला डबा उलटा करून दाखवला.
हिरवं, केशरी, गुलाबी हे प्रत्येक कंपनीच्या मर्जीचं.
मागची बारीक अक्षरं वाच,
ती गाडीच्या पुस्तकाशी जुळली पाहिजेत.
इंजिन अॅल्युमिनियमचं आहे, त्याला सोसेल तेच.
अर्धं हे, अर्धं डिस्टिल्ड पाणी.
नळाचं नको.
"नळाला येतंय कुठं," तो हसला.

खरंय. आमच्याकडं पाचव्या दिवशी, रात्री तीनला;
भूदेवी बॅरल भरते, मग कळश्या, मग पातेली, मग चहाचं भांडंसुद्धा.
आणि इथं मी पाच-पाच लिटरचे कॅन
गाडीचं पोट धुवायला ओततोय,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, स्वच्छ निघेपर्यंत.
लाज वाटली थोडी.
ओतलं तरी.

रेडिएटर पुढं, इंजिन मागं,
मधला पाइप गाडीच्या अंगाएवढा लांब.
त्यात हवा अडकते आणि मग काटा खोटं बोलतो.
म्हणून हीटर पूर्ण सोडला.
सोलापुरात, मे महिन्यात, हीटर!
श्रीशैल आत बसून रेस देत होता, घामानं निथळत,
आणि मी बुडबुडे मोजत होतो.

जाळीत बोट घातलं तर कापूस निघाला,
थर, गोधडीत घालावा एवढा.
"गाडी कुठं लावतोस?"
"कारखान्यात. एक्झॉस्ट फॅनपाशी, सावली असते."
मी काहीच बोललो नाही. कापूस त्याच्या हातात दिला.

काढलेलं पाणी झाकणाच्या बादलीत भरून वर दगड ठेवला.
गोड लागतं ते. गल्लीतली तांबडी कुत्री
मागच्या वर्षी तेच चाटून गेली.
झाकताना परत एकदा बघितलं.
बापाला विचारलं असतं हा कुठला रंग,
तर तो म्हणाला असता, पाणी कुठलं होतं?

तिसऱ्या दिवशी फोन.
"मामा, लेव्हल दोन बोटं खाली गेलीय."
उरलेली हवा निघाली असेल. सकाळी बघ,
इंजिन गार असताना, दोन खुणांच्या मधे हवं.
तेच घाल, दुसरं नको. परत उतरलं तर घेऊन ये.
"हो हो," म्हणाला तो,
पण नीट ऐकू येईना,
त्याच्यामागं पंखा फार मोठ्यानं चालू होता.